राखणीचा सातवा अर्थ

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

एक ओळ! अकरा पानांची एक ओळ केली!

'राखण : पहारा, रक्षण.' बस्स. त्या विनीतने एवढंच ठेवलंय. वर गोड मेल — टीप फारच अभ्यासपूर्ण आहे मॅडम, पण वाचकाच्या दृष्टीने जरा ट्रिम केली आहे. ट्रिम म्हणे! कुंपणाची मेंदी आहे का ती?

'थोरला गडगा'ची नवी आवृत्ती निघतेय, चौऱ्याहत्तर वर्षांनी. प्रकाशक पुण्याचा. विनीत संपादक. चौतिशीचा, डॉक्टरेट झालेला, हुशार आहे, नाही म्हणत नाही. पण कोकण पाहिलं असेल ते गणपतीपुळ्याच्या पार्किंगमधून. फणसळकरांनी ही कादंबरी इथल्या कातळी सड्यावर बसून लिहिली, इथल्या बोलीत लिहिली. तिकडच्यांना शब्द अडतात. म्हणून पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थ द्यायचे ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं — रिटायर्ड मराठीच्या बाई, वेळच वेळ! अडीचशे शब्द करून दिले. गडगा : दगडी कुंपण, माच : मचाण, बाव : विहीर, सगळं निमूट घेतलंन. कात्री चालवली ती नेमकी राखणीवर. अख्खी कादंबरी ज्या शब्दावर उभी आहे त्याच्यावर!

चहा दोनदा केला, दोनदा गार झाला.

५ नोव्हेंबर, बुधवार

चिठ्ठ्यांचा डबा काढला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. एकशे त्रेचाळीस चिठ्ठ्या. कादंबरीत 'राखण' हा शब्द जिथे जिथे येतो तिथली एकेक. लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहिल्यात. मागे प्रत्येकीवर कुणाचं तरी अर्धं शुभमंगल.

या डब्यात माझी बावीस वर्षं आहेत. शाळा सुटल्यावर, सुट्टीच्या दुपारी, पेपर तपासून झाल्यावर. आणि हा म्हणतो पहारा, रक्षण!

बरं. पहिल्या प्रकरणात येसू नऊ वर्षांची. बाप भिकाजी तिला आंब्याच्या कलमांत माचावर बसवतो नि म्हणतो राखण कर. म्हणजे माकडं हाकल. इथे विनीतचा अर्थ चालेल. पुढे? पुढे गडी विचारतो, यंदा राखण किती द्याल — म्हणजे त्या कामाबद्दलचं भात. मग म्हातारी सांगते, तिन्हीसांजेला बावीकडे जाऊ नको, तिथे राखण आहे. आता तिथे काय वॉचमन ठेवलाय? अरे, तिथे न दिसणारं कुणीतरी आहे! त्याच्या पुढच्याच पानावर त्या न दिसणाऱ्याला कोंबडा नि नारळ देतात, आणि त्या देण्यालाही राखणच म्हणतात. मग येसू वयात येते आणि आत्या तिच्यावर राखण ठेवते. शब्द तोच, पण आता कलम ती आणि माकडं गावातले बाप्ये. फणसळकर किती शांतपणे करतात हे! एक ओळ समजावून सांगत नाहीत.

सहावा अर्थ मला सगळ्यात झोंबतो. आई अंथरुणाला खिळते. भाऊ मुंबईला जातो. मग घराला राखण म्हणून येसूला ठेवतात. आत्तापर्यंत राखण ही तिने करायची गोष्ट होती. या पानापासून ती स्वतःच राखण होते. जसं दाराला कुलूप तसं घराला येसू.

सातवा शेवटच्या पानावर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन केला. मेलबिल पुरे झालं.

विनीत नम्र आहे, हीच अडचण. उद्धट असता तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. म्हणाला, सहा अर्थांवर आपण बोलू मॅडम, त्यातले दोन-तीन घेता येतील. पण सातवा कुठून आणलात? आमच्या संहितेत तो प्रसंगच नाही.

नसणारच! त्यांची संहिता म्हणजे एक्कावन्नची दुसरी आवृत्ती. फणसळकर तोवर वारलेले. त्या वेळच्या प्रकाशकाने प्रस्तावनेत स्वतःच लिहिलंय की 'काही ठिकाणी हात फिरवला आहे.' हात फिरवला! शेवटच उलटा केला मेल्याने!

दुसऱ्या आवृत्तीचा शेवट असा. येसूला मुंबईला दाईचं शिक्षण घ्यायचंय. पहाटे बोचकं घेऊन निघते तर बाप दारात उभा. "घराची राखण तू," भिकाजी म्हणतो. येसू बोचकं खाली ठेवते नि चुलीपाशी जाते. संपली कादंबरी. यावर समीक्षक पिढ्यान्‌पिढ्या रडतायत. दारुण वास्तव वगैरे. असे बाप घरोघरी असतात, त्यासाठी कादंबरी कशाला लिहावी लागते?

माझ्याकडे अडतीसची पहिली आवृत्ती आहे. त्यात शेवटचं पान, १८७, मला तोंडपाठ आहे. त्यातला शेवटचा परिच्छेद —

'भिकाजी भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. येसू उंबऱ्याबाहेर पडली तसा तो उठला आणि गडग्याच्या आडाने तिच्या मागून चालत राहिला. कुत्री भुंकली तर आधी याच्यावर भुंकावीत, एवढं अंतर ठेवून. होडी धक्क्यावरून सुटली तेव्हा तो मागे वळला. आज राखण कलमांची नव्हती. तिच्या वाटेची होती.'

हा सातवा अर्थ. अडवण्यासाठी नाही, जाऊ देण्यासाठी राखण. आधीचे सहाही अर्थ या पानावर येऊन फिरतात. हा शेवट नव्या आवृत्तीत गेलाच पाहिजे. नुसता टिपेत नाही, पानावर! एवढी वर्षं लोक खोटा शेवट वाचतायत.

विनीत म्हणाला, त्या पानाचा फोटो पाठवता का मॅडम? म्हटलं, आत्ता पाठवते.

८ नोव्हेंबर, शनिवार

फोटो पाठवला. उत्तर आलं —

'मॅडम, हे हस्तलिखित आहे.'

हो, आहे! मग?

९ नोव्हेंबर, रविवार

कालचं उत्तर डोक्यातून जात नाही. वाक्यात काही वावगं नाही, तरी थोबाडीत बसल्यासारखं वाटतंय.

हस्तलिखित आहे कारण आमच्या प्रतीला वाळवी लागली होती. पाच ठिकाणी पानं गेली. बाबांनी ती दुसऱ्या कुणाच्या प्रतीवरून स्वतःच्या हाताने उतरवली, तांदळाच्या खळीने जागच्या जागी चिकटवली. ती पानं पुठ्ठ्यासारखी जाड झालीत, पुस्तक नीट मिटत नाही. पण अक्षर! शिवलकर मास्तरांचं अक्षर बघायला दुसऱ्या शाळांतले शिक्षक यायचे. स्वल्पविराम चुकला तर पोराला ते अख्खा धडा परत लिहायला लावत. तो माणूस उतरवून घेताना एक काना इकडचा तिकडे करेल? विनीतला हे कसं सांगायचं?

गेलेल्या बाबांची बाजू घेऊन भांडावं लागतंय, हा आणखी एक वैताग. मी! त्यांची बाजू!

सत्त्याऐंशी साली पुण्याला एम. ए.चा प्रवेश मिळाला होता. होस्टेलचं पत्र आलं होतं. आई पक्षाघाताने पडलेली. भाऊ संदेश माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तो आधीच मुंबईला गेलेला, त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. बाबा ओटीवर सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "तू गेलीस तर घराला राखण कोण?" एवढंच. होस्टेलचं पत्र मी चुलीत घातलं. नंतर बाहेरून एम. ए. केलं, इथेच शाळेत लागले, आईचं सात वर्षं केलं. लग्नाचं पुढे कुणी काढलं नाही आणि मीही नाही.

नव्वदच्या दिवाळीनंतर बाबांनी हे पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, "वाळवीने खाल्लं होतं. पानं लावून दिलीत. शेवट नीट वाच." तोवर मी पाठ्यपुस्तकातला उताराच वाचला होता. दोन दिवसांत वाचून काढलं. शेवटाला रडले, आणि मग असा संताप आला की पुस्तक घेऊन ओटीवर गेले. म्हटलं, "वाचला शेवट. असा बाप पुस्तकातच असतो."

बाबा उठले. कळशी उचलली नि कलमांना पाणी घालायला गेले. आई तेव्हा आत कण्हत होती.

मला त्या बोलण्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही. आजही नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

विनीतची मुदत — महिनाअखेर. त्यानंतर पुस्तक छापायला जाणार. 'छापील आधार मिळाला तर शेवटाचा पुनर्विचार करू, नाहीतर सातवा अर्थ घेता येणार नाही.'

घेता येणार नाही! जणू ह्याच्या घरची जमीन.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तीन वाचनालयांत फोन. पहिली आवृत्ती कुठेच नाही. एका ठिकाणी कार्ड आहे, पुस्तक नाही. दमट हवा, वाळवी, आणि पुस्तक नेऊन परत न देणारे सभासद. बोलावं तर आपल्याच गावाची अब्रू.

दुपारी हौसा भांडी घासायला आली. मी टेबलावर चिठ्ठ्या मांडून बसलेली, तोंड लांब. तिने विचारलं काय झालं. सांगितलं. तीस वर्षं येतेय, तिला नाही सांगायचं तर कुणाला? सगळं ऐकून म्हणाली, पुस्तकात बघून तुमी राखण शिकताव बाय?

तिच्यावरही चिडले. मग एकटीच हसले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं!! पहिल्या चिकटवलेल्या पानावर, अगदी शिवणीजवळ, पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरांत — 'अ. तांडेल, जयगड, यांच्या प्रतीवरून.' पस्तीस वर्षांत मला दिसलं नव्हतं. भिंग लावून बसले म्हणून.

म्हणजे जयगडला पहिली आवृत्ती होती. बाबा सहा वर्षं तिथल्या शाळेवर होते. बस! आता बघते विनीतकडे.

शाळेतल्या जुन्या शिपायाला, धोंडूला, फोन केला. तो जयगडचाच. म्हणाला, तांडेलचाचा वारले, पण मुलगा युसुफभाई आहेत, मस्कतहून कायमचे परत आलेत, पोर्टाच्या रस्त्यालाच घर. मी शनिवारी जाते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळची जयगड गाडी. चाफे गावाच्या पुढे रस्ताभर पोर्टाचे ट्रक, धुळीने नाकतोंड भरलं. तरी जाताना मी खूश होते. खोटं कशाला लिहू. फोटो कुठल्या कोनातून काढायचा ते ठरवत होते. विनीतला सोबत काय लिहायचं तेही ठरलं होतं — 'घ्या तुमचा छापील आधार.'

युसुफभाई पासष्टीचे. अंगण झाडलेलं, ओट्यावर मासे सुकायला घातलेले. बाबांचं नाव काढल्याबरोबर उभे राहिले. त्यांच्या अब्बांना वाचनाचं वेड होतं, तारवावर जाताना पेटीत कपड्यांइतकीच पुस्तकं असत. ती पेटी अजून आहे, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेली. सकिनाभाभींनी चहा नि खाजं आणलं. आयात नावाची नात पेटी पुसून पुढ्यात ठेवून गेली.

'थोरला गडगा'. पहिली आवृत्ती. १९३८. एका कोपऱ्याला सुद्धा धक्का नाही.

मी शेवटचं पान उघडलं.

'घराची राखण तू,' भिकाजी म्हणाला. येसूने बोचकं खाली ठेवलं आणि ती चुलीपाशी गेली.

पहिल्यांदा वाटलं, चुकून दुसरी आवृत्ती हातात आली. साल पाहिलं. परत पान पाहिलं. परत साल. सातवा अर्थ नाहीच. होडी नाही, गडग्याचा आडोसा नाही, कुत्री नाहीत. विनीत बरोबर. समीक्षक बरोबर. तो एक्कावन्नचा प्रकाशकही निर्दोष, त्याला मी पस्तीस वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या.

युसुफभाईंना माझं तोंड बघून काय वाटलं असेल! सांगायला लागले. नव्वदच्या दिवाळीच्या सुट्टीत ते मस्कतहून आलेले. मास्तर चार दिवस रत्नागिरीहून येत, इथेच ओट्यावर बसून लिहीत. "बाकीची पानं पैल्या दोन दिवसांत झाली. शेवटच्याला दोन दिवस लागले. लिवायचे नि फाडायचे. मी बोललो, मास्तर, समोर बघून तर उतरवायचाय. तर हसले."

हसले!

एवढं ऐकून मला तिथे बसवेना. वाळवीने खाल्लेल्या इतर चार जागांचे फोटो काढले, आभार मानले आणि निघाले. सुक्या बांगड्याची पुडी त्यांनी हातात कोंबली.

१६ नोव्हेंबर, रविवार

फसवलंत, मास्तर.

फणसळकरांचा निबंध तपासलात तुम्ही! लाल शाई घेऊन. शेवट आवडला नाही — खोडा. शिक्षकी खोड दुसरं काय. वाळवीने खाल्लेलं पान भरायला घेतलंत आणि हात शिवशिवला. मग मला तरी सांगायचं! निदान पानाखाली एक रेघ! मी ते फणसळकरांचं म्हणून चाळीस-चाळीस मुलींसमोर वर्गात वाचलं. लेख लिहिला. बावीस वर्षं चिठ्ठ्या केल्या. एका मुलीने तर, तेजस्वी तिचं नाव, तो उतारा स्वतःच्या हाताने लिहून घेतला होता, घर सोडून नर्सिंगला जाताना. तिला मी काय सांगू? की तो आमच्या घरचा होता?

संदेशला फोन केला. तो म्हणाला, अगं ताई, सोड ना, जुनी गोष्ट. सगळ्या गोष्टी सोडायला ह्याला बरं जमतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

विनीतला मेल. चार ओळी. मी चुकले, पहिल्या आवृत्तीचा शेवट तोच आहे, सातवा अर्थ काढावा, तो कादंबरीतला नाही. पाठवायचं बटण दाबायला वीस मिनिटं लागली.

संध्याकाळी उत्तर — मॅडम, आपण स्वतः जाऊन पडताळलंत, याचं फार अप्रूप वाटलं. उरलेल्या सहा अर्थांची टीप मी पूर्ण घेतो आहे. नऊ पानं. एक शब्द कापत नाही.

जिंकले. ज्याच्यासाठी पंधरा दिवस जिवाचा आटापिटा केला ते मिळालं. आणि त्याच्या चांगुलपणाचा सुद्धा राग आला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सातव्या अर्थाच्या चिठ्ठ्या डब्यातून वेगळ्या काढल्या. तीन होत्या. त्या पानावर तो शब्द तीनदा येतो. फाडणार होते. नाही फाडल्या, पंचांगात घालून ठेवल्या.

एकशे चाळीस उरल्या.

१९ नोव्हेंबर, बुधवार

जयगडचे फोटो मोठे करून बाबांच्या हातच्या बाकीच्या पानांशी ताडून पाहिले. सकाळी नऊ ते एक. चारही जागी तंतोतंत. काना नाही, मात्रा नाही. एके ठिकाणी छपाईची चूक होती, 'गडगा'च्या जागी 'गडबा', तीही बाबांनी तशीच ठेवलीय.

म्हणजे छपाईची चूक दुरुस्त करायला ज्याचा हात धजला नाही, तो माणूस शेवट बदलतो!

शिक्षकी खोड म्हणून जे रविवारी लिहिलं ते इथे बसत नाही. मग काय बसतं ते मला कळत नाही, आणि न कळण्याचा जास्त राग येतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. देवदिवाळी

हौसाकडे आज राखण द्यायचा दिवस. तिने मला बोलावलं होतं. दरवर्षी बोलावते, दरवर्षी मी टाळते. या वर्षी गेले. हा चौथा अर्थ चिठ्ठ्यांवर अठरा वेळा लिहिलाय, तो एकदा डोळ्यांनी बघावा म्हटलं.

वाडीच्या टोकाला, गडग्याच्या कोपऱ्यात एक दगड. शेंदूर नाही, नाव नाही. तिच्या दिराने, लवूने, नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं — पोराबाळांच्या वाटेवर हुबा ऱ्हा. कोंबडा पाटीखाली ओरडत होता. मी लांब उभी. मग सगळे मागे न बघता परत फिरले. मी मागे बघायला लागले तर हौसाने दंडाला धरून पुढे ढकललं.

वाटेत मी तिला बाबांच्या पानाचं सांगितलं. म्हटलं, मनात होतं ते तोंडाने बोलला असता तर काय जीभ झडली असती? हौसा चालता चालता म्हणाली, "राखण कदी बोलत नाय बाय. दिसत पण नाय."

मी म्हटलं, तो माणूस होता, दगड नव्हे. तिने ऐकलं नसावं. किंवा ऐकलं असेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पुस्तक टेबलावर पडलंय. बाकीच्या चिकटवलेल्या पानांच्या कडांना वाळवीची जाळी दिसते. मूळ कागदाची लक्तरं बाहेर आलीत, खाली भोकं जाणवतात. शेवटच्या पानाच्या कडा मात्र सरळ आहेत. पस्तीस वर्षं हाताखालून गेलेलं पान. आज पहिल्यांदा बोट फिरवून पाहिलं.

उद्या बघते.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी पेजेच्या वाफेवर धरून शेवटचं पान सोडवलं. खळ सुटायला वेळ लागला नाही.

खाली छापील १८७. अख्खं. एक भोक नाही, एक अक्षर खाल्लेलं नाही. वाळवी तिथवर पोचलीच नव्हती.

चांगल्या पानावर चिकटवलंत, बाबा. नव्वद साली. मी पंचवीस वर्षांची होते.

तोंडाने सांगायचं होतं ना! मी गेले असते.